बहुरूप्यांच्या शहरातली रहस्यकथा : पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी

माणसाच्या रूपात वावरणारं काहीतरी आपल्याच बिल्डिंगमध्ये राहतंय, ते जीवघेणं आहे, आणि काल रात्री तिसऱ्या मजल्यावर एक माणूस मेलाय. एवढं सुचलं की हात शिवशिवायला लागतात. पहिली तीन प्रकरणं झरझर लिहून होतात, चौथ्यात तपास अडतो आणि पाचव्यात वही मिटली जाते. कारण सोपं आहे. कुणालाही कुणाचंही रूप घेता येत असेल तर साक्षीदाराच्या बोलण्याला किंमत राहत नाही आणि सीसीटीव्हीलाही राहत नाही. मग तपास करणार कशाचा?

माझी पहिली कथा मी एका मैत्रिणीला वाचायला दिली होती. तिने एकच विचारलं, "हा कुणीही होऊ शकतो ना? मग तो तपास अधिकारीच का नाही झाला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती कथा मी बाजूला ठेवली आणि त्या प्रश्नापासून नव्याने सुरुवात केली. तेव्हा जे हाताला लागलं ते आधीच सांगून टाकते. या प्रकारच्या कथेत 'रूप कसं बदलतं' हे दुय्यम आहे. रूप बदललं तरी काय बदलत नाही, हे ठरवा. तपास तिथूनच सुरू होतो आणि खुनी तिथेच सापडतो.

खालच्या पायऱ्या मी ज्या क्रमाने चढते त्याच क्रमाने दिल्या आहेत. उदाहरणासाठी माझ्याच एका कथेचा सांगाडा वापरते: गोरेगाव पूर्वेची एक सोसायटी, बी विंगमधले सावंत, आणि आरेच्या जंगलाला लागून असलेला एक पाडा. पाडा आणि माणसं कल्पनेतली आहेत, भूगोल खरा आहे.

१. आधी त्याला नाव द्या

'शेपशिफ्टर' हा शब्द लेखकांच्या गप्पांत चालतो. पण तुमच्या कथेतली आजी तो म्हणणार नाही, आणि वॉचमनही नाही. मराठीत या बाबतीत शब्दांची वानवा नाही. रामायणातले राक्षस 'कामरूपी', म्हणजे मनात येईल ते रूप घेणारे. नागांच्या गोष्टींत 'इच्छाधारी'. कोकणात रात्रीच्या वाटेवर 'चकवा' लागतो आणि माणूस तिथल्या तिथे फिरत राहतो. हडळ सुंदर बाईच्या रूपात येते, पण तिचे पाय उलटे असतात. आणि बहुरूपी तर हाडामांसाचा माणूस. पोलिसाचा गणवेश घालून दारात उभा राहायचा, लटकं वॉरंट वाचून दाखवायचा, आणि घरातलं पोरगं रडकुंडीला आलं की हसून बिदागी मागायचा. सोंग घेणं ही आपल्याकडे पोटापाण्याची कला होती, हे डोक्यात ठेवा. पुढे उपयोगी पडतं.

नाव देताना तीन गोष्टींची सरमिसळ होऊ देऊ नका. रूपांतरात शरीर एकच असतं, त्याचा आकार बदलतो. परकायाप्रवेशात शरीरं दोन असतात: शंकराचार्यांनी अमरुक राजाच्या देहात प्रवेश केल्याची आख्यायिका आहे, त्यात त्यांचा स्वतःचा देह मागे सांभाळून ठेवावा लागला. अंगात येणं म्हणजे तिसरंच, तिथे माणूस जागेवरच असतो आणि बोलणारा दुसरा असतो. तिन्हींचा तपास वेगवेगळा होतो. परकायाप्रवेशात कुठेतरी एक रिकामा देह पडलेला असणार, तो शोधायचा. रूपांतरात तसं काही सापडणार नाही. सुरुवात करणाऱ्यांनी रूपांतरच घ्यावं असं मला वाटतं. बाकीचे दोन प्रकार हाताळायला बरेच अवघड आहेत.

माझ्या कथेत पाड्यावरची माणसं त्यांना 'पालटे' म्हणतात, पोलीस चौकीत 'तसली केस' म्हणतात आणि सरकारी कागदावर 'रूपांतरक्षम व्यक्ती' लिहितात. एकाच गोष्टीला तीन शब्द मिळाले की ते शहर जुनं आणि खरं वाटायला लागतं, त्यासाठी वेगळं वर्णन करावं लागत नाही.

२. नियम कागदावर, कथेच्या आधी

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. इथे घाई केली तर पुढचं काहीही सावरत नाही.

आपल्या जुन्या कथाकारांना हे पक्कं माहीत होतं. महाभारतातलं दमयंतीचं स्वयंवर बघा. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम, चौघेही नळाचंच रूप घेऊन बसलेत. पाच नळ, एक माळ. दमयंती देवांनाच विनवते आणि मग तिला खुणा दिसतात: चौघांना घाम नाही, पापणी लवत नाही, हार ताजेतवाने आहेत, अंगावर धुळीचा कण नाही, पाय जमिनीला टेकलेले नाहीत. पाचव्याची मात्र सावली पडलीये, हार कोमेजलाय, अंगावर धूळ आणि घाम आहे, आणि तो जमिनीवर उभा आहे. इथे माणूस ओळखला जातो तो त्याच्या थकण्यावरून. इतकी सुंदर ओळखपरेड मी दुसरीकडे वाचलेली नाही.

मारीचाचं सोनेरी हरीण पाहिल्याबरोबर लक्ष्मण सांगतो की असं रत्नजडित हरीण पृथ्वीवर नसतंच, हा मारीच आहे. त्याने काही जादू केली नाही, जंगलात काय असतं हे त्याला ठाऊक होतं. रूप घेणाऱ्याने अति केलं आणि तिथेच तो पकडला गेला. आणि वातापी? त्याचा राक्षस भाऊ इल्वल त्याला मेंढ्याच्या रूपात शिजवून पाहुण्यांना वाढायचा, मग हाक मारायचा आणि वातापी पोट फाडून बाहेर यायचा. म्हणजे तुकडे झाले तरी तो वातापीच राहायचा. अगस्त्यांनी तो नियम मोडला नाही, त्यांनी हाक येण्याआधी जेवण पचवलं. नियमातली फट शोधणं, रहस्यकथेचा शेवट याहून वेगळा काय असतो?

आता तुमचे नियम. एका कोऱ्या पानावर या प्रश्नांची उत्तरं लिहा, प्रत्येकी एका वाक्यात: रूप घ्यायला काय लागतं? किती वेळ टिकतं? किंमत काय मोजावी लागते? कपड्यांचं काय होतं? वजनाचं काय होतं? मेल्यावर कोणतं रूप उरतं?

शेवटच्या प्रश्नावर लोक थांबतच नाहीत. वाल्मीकी रामायणात बाण लागल्यावर मारीच हरणाचं रूप टाकतो, पण हाक रामाच्या आवाजात मारतो. देह मूळचा आणि आवाज चोरलेला. तुमच्या कथेत प्रेत सापडणार असेल तर ते कुणाच्या रूपात सापडेल हे आजच ठरवा.

वजनाबद्दल एक सांगते. रूप बदलताना वजन तेवढंच राहतं असा नियम केला की कथेला आपोआप शिस्त लागते. बिबट्याचा नर साधारण ५० ते ७० किलोचा असतो, म्हणजे सडसडीत माणसाएवढाच. वाघाचा नर २०० किलोच्या आसपास जातो. म्हणजे तुमचा पालट्या बिबट्या होऊ शकेल, वाघ होऊ शकणार नाही, आणि कावळा तर मुळीच नाही. एका ओळीच्या नियमाने शंभर शंका मिटतात.

माझ्या कथेचे नियम असे आहेत. ज्याचं रूप घ्यायचं त्याचा चेहरा सलग बराच वेळ आणि त्याच्या नकळत बघावा लागतो, आणि जसा दिसला तसाच तो उमटतो. वजन बदलत नाही. कपडे बदलत नाहीत, ते मिळवावे लागतात. रूप उतरलं की तीन दिवस अंगात ताप असतो. बस. यात 'जसा दिसला तसाच' हे तीन शब्द नीट लक्षात ठेवा, माझा खुनी त्यांच्यावरच पकडला जातो.

३. शहर: जिथे माणूस आणि बिबट्या आधीच शेजारी आहेत

पहिल्यांदा लिहिणारे बऱ्याचदा धुक्यातलं, दगडी इमारतींचं एखादं परदेशी शहर उभं करतात. तुम्ही तिथे राहिला असाल तर जरूर करा. पण धोकादायक प्राण्यासोबत रोजचं जगणं म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल तर मुंबईसारखी जागा शोधून सापडणार नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं, मुंबई आणि ठाण्याच्या मध्ये. त्याच्या पोटात आणि कडेला, आरेसकट, अलीकडच्या मोजण्यांत पन्नासच्या आसपास बिबटे. आणि आजूबाजूला इमारती, झोपडपट्ट्या, फिल्म सिटी, पवईचं आयआयटी.

आरेतल्या पाड्यांवर लोक हे कसं निभावतात ते बघा. अंधार पडला की पोरांना एकटं सोडत नाहीत. रात्री बाहेर जायचं तर दोघं-तिघं मिळून, हातात बॅटरी, मोबाइलवर गाणं मोठ्याने लावून. कचरा दारात साठू द्यायचा नाही, कारण कचऱ्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. भटकी कुत्री हा इथल्या बिबट्यांच्या खाण्यातला मोठा भाग आहे. आणि त्याच बिबट्याची वाघोबा म्हणून पूजाही होते. दगडावर किंवा लाकडावर कोरलेला वाघ, शेंदूर, आणि वर्षातून एकदा वाघबारस. तुम्ही-आम्ही शहरात ज्या दिवशी वसुबारस म्हणून गाय-वासराची पूजा करतो, तोच हा दिवस, अश्विन वद्य द्वादशी. एकाच संध्याकाळी एका बाजूला गाय, दुसऱ्या बाजूला वाघ. माझ्या कथेतला खून त्याच संध्याकाळी होतो, आणि तो दिवस निवडायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत.

यातून शिकण्यासारखं असं की, भीतीसोबत राहणारी माणसं सतत घाबरलेली नसतात. त्यांनी सवयी लावून घेतलेल्या असतात. तुमच्या शहरात पालटे राहत असतील तर लोकांनी किंचाळत फिरू नये. दूधवाला दार वाजवताना ठरलेला शब्द बोलेल. नवीन भाडेकरू आला की सोसायटी पोलीस व्हेरिफिकेशनसोबत अजून एक कागद मागेल. शाळेच्या बसमध्ये ताई पोरांना चढताना एक प्रश्न विचारतील, जो फक्त त्या पोराच्या घरी माहीत असतो. अशा पाच सवयी लिहून काढा आणि कथेत त्यांचं स्पष्टीकरण देऊ नका. माणसं त्या करत राहू देत. वाचक आपण होऊन समजतो, आणि समजल्यावर त्याच्या अंगावर काटा येतो तो त्याचा स्वतःचा असतो.

नाशिक, पुणे किंवा जुन्नरला राहणाऱ्यांनी मुंबईच्या मागे लागू नये. जुन्नरकडे बिबट्याची पिल्लं उसाच्या फडात जन्मतात आणि तोडणीच्या वेळी सापडतात. फड तोडायला आलेली टोळी, सरीत दडवलेलं पिल्लू, आणि ते उचलल्यावर त्याने माणसाच्या पोरासारखं रडणं. ही कथा मला लिहायची होती, पण त्या भागातलं बोलणं माझ्या कानात नाही. ज्याच्या कानात आहे त्याने लिहावी.

४. 'आत्ताच का?'

इतकी वर्षं पालटे गुपचूप राहत होते, मग खून आज का झाला? याचं उत्तर नसेल तर कथा हवेत राहते.

इथेही बिबट्यांकडून शिकता येतं. २००४ साली मुंबईत उद्यानाच्या आसपास माणसांवर हल्ल्यांची लाटच आली होती. त्याच सुमाराला जुन्नर भागात बिबटे पकडून दुसऱ्या जंगलांत सोडले जात होते, आणि वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून पुढे दिसलं की असं सोडल्यावर सोडलेल्या जागेच्या जवळ माणसांवरचे हल्ले वाढले. ओळखीचा मुलूख सुटलेला प्राणी बिथरतो. २०११ पासून मुंबईत पकडापकडीपेक्षा लोकांशी बोलण्यावर भर देणारं काम उभं राहिलं.

आता हे तुमच्या कथेत आणा. पुनर्विकासात एक जुनी चाळ पाडली गेली. तिथे चार पिढ्या राहणारं पालट्यांचं एक कुटुंब आता ट्रान्झिट कॅम्पमध्ये, अनोळखी लोकांत, पातळ भिंतींच्या मागे आलंय. कुणी वाईट नाही, सगळे हलवले गेलेत. खुनाचं कारण राक्षसी वृत्तीत शोधू नका, ते पत्ता बदलण्यात शोधा. कथा तिथेच मोठी होते.

आणि एक बिबट्या तुम्हाला माहीत असायलाच हवा. त्याच्या वयामुळे आणि शांतपणामुळे त्याला 'आजोबा' म्हणायचे. २००९ साली त्याला विहिरीतून काढून, गळ्यात कॉलर बांधून माळशेज घाटात सोडलं, आणि तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या उद्यानात आला. वाटेत गावं, रस्ते, रेल्वे. कुणावरही हल्ला नाही, बहुतेकांना तो दिसलाही नाही. २०११ साली महामार्गावर गाडीच्या धडकेने तो गेला. त्याच्या अंगात बसवलेल्या चिपमुळे ओळख पटली. मला हे वाचून बराच वेळ काही सुचलं नव्हतं. सगळ्यांमधून न दिसता चालत गेलेला एक जीव, आणि कातडीखाली त्याची खरी ओळख. पालट्याचं चित्र मनात हवं असेल तर मी हे ठेवते.

५. गुन्हा आणि त्याची कागदपत्रं

अद्भुत गोष्ट खरी वाटते ती आजूबाजूच्या रुक्ष तपशिलांमुळे, म्हणून पोलिसी कामकाज बरोबर लिहा. १ जुलै २०२४ नंतरच्या कथेत खुनासाठी '३०२ लावला' असं लिहू नका. आता भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ आहे. अकस्मात मृत्यूची नोंद पूर्वी १७४ खाली व्हायची, ती आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ खाली होते. जुना हवालदार बोलताना सवयीने '३०२'च म्हणेल, ते चालेल, उलट छान वाटेल. झडती आणि जप्तीचं आता चित्रीकरण करावं लागतं. पालट्याच्या घराची झडती घेणारा शिपाई मोबाइल समोर धरून उभा आहे, आणि पडद्यावर दिसणारा माणूस हळूहळू... हे मी तुमच्यावर सोडते.

हुद्दे चुकवू नका: हवालदार, एएसआय (सहायक उपनिरीक्षक), पीएसआय (उपनिरीक्षक), एपीआय (सहायक निरीक्षक), पीआय (निरीक्षक). घटनास्थळी पहिला पोहोचणारा वरिष्ठ निरीक्षक नसतो. व्हिसेरा, म्हणजे शवविच्छेदनात तपासणीसाठी काढलेले अवयव, कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल दुसऱ्या दिवशी येत नाही. आधारमध्ये दहाही बोटांचे ठसे आणि दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची नोंद असते, तर तुमच्या पालट्याचे ठसे रूपासोबत बदलतात की नाहीत, हे दुसऱ्या पायरीच्या पानावर लिहिलंय ना? नसेल तर परत जा.

माझ्या मते खरी मेख दोन खात्यांच्या मध्ये आहे. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतो. त्याला मारणं गुन्हा. आणि बिबट्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर वनविभाग वारसांना भरपाई देतो. आता प्रेताच्या गळ्यावर सुळ्यांच्या खुणा आहेत. हे बिबट्याचं काम म्हणावं, की बिबट्याच्या रूपातल्या माणसाचं? पहिलं असेल तर पंचनाम्याला वनपाल, आणि घरच्यांना पैसे. दुसरं असेल तर पोलीस, आणि घरातलाच कुणी संशयित. सावंतांच्या मुलाला कोणतं उत्तर हवं असेल? बघा, एक नियम आणि एक शासकीय तरतूद एकत्र ठेवली आणि खुनाचा हेतू तयार झाला.

ठशांचं एक बारीकसं सांगून पुढे जाऊ. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, त्यामुळे त्याच्या पंजाच्या ठशात नखांच्या खुणा नसतात. कुत्र्याच्या ठशात असतात. तुमच्या वनरक्षकाला हे बघताक्षणी कळतं, पीएसआयला कळत नाही. दोघांमधलं पहिलं भांडण इथेच होऊ द्या.

६. दुवा लपवायचा कसा

आता माझा खुनी सांगून टाकते, नाहीतर पद्धत दाखवता येणार नाही. सावंतांचा ड्रायव्हर. सहा वर्षं तो त्यांना रोज बघतोय, सलग, त्यांच्या नकळत, पण गाडीतल्या आरशात. 'जसा दिसला तसाच' हा नियम आठवा. आरशात डावं-उजवं उलटतं. म्हणून त्याने घेतलेलं सावंतांचं रूप उलटं आहे: भांग दुसरीकडे, तीळ दुसऱ्या गालावर. सोळाव्या पानावर हे वाचकासमोर ठेवायचं, पण त्याला दिसू द्यायचं नाही. माझ्या कथेत तपास एक महिला पीएसआय करते, आणि पहिल्या खर्ड्यात मी असं लिहिलं होतं:

"मॅडम, साहेबांचा भांग त्या रात्री उजवीकडे होता," वॉचमन म्हणाला.

संपलं. दुवा एकटाच दिव्याखाली उभा. कोणीही ओळखेल. मग हे लिहिलं:

"काका, दीड वाजता कोण आलं?"

"बी विंगचे सावंतसाहेब. ही बघा मॅडम, सही."

"चेहरा नीट पाहिलात?"

"तर काय. अंघोळ करून आल्यासारखे ओले, भांग दुसऱ्याच बाजूला पडलेला, शर्ट इस्त्रीचा. आणि हातात ती पिशवी, मॅडम. खालून काहीतरी ठिबकत होतं. मी म्हटलं मासे असतील. पण वसुबारसेला साहेब मासे आणत नाहीत."

वाचक पिशवीमागे धावतो. पीएसआयही धावते. भांग मधोमध पडून राहतो, एका यादीत, ओलं आणि इस्त्रीचं यांच्या मध्ये. नियम असा धरा: दुवा यादीच्या मध्ये ठेवा, आमिष शेवटी ठेवा, आणि त्या आमिषावर बोलणाऱ्याने एक वाक्य जास्त खर्च करू द्या. पिशवीचा उलगडाही पुढे व्हायलाच हवा. आमिष खोटं असलं तरी त्याला स्वतःचं उत्तर असावं, नाहीतर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं आणि त्याचं तसं वाटणं बरोबर असतं.

दुसरा आधार मी कॅमेऱ्यांतून घेतला. बिबट्या ओळखतात तो अंगावरच्या ठिपक्यांवरून, प्रत्येकाची नक्षी वेगळी. पण डाव्या कुशीवरची आणि उजव्या कुशीवरची नक्षीही सारखी नसते, म्हणून जंगलातले कॅमेरे समोरासमोर जोडीने लावतात. कथेतली वनरक्षक हे पीएसआयला सहज, चहा पिताना सांगते: "मॅडम, एका बाजूचा फोटो असेल तर तो अर्धाच बिबट्या." त्या वेळी ते नुसतं माहितीपर वाटतं. तीस पानांनंतर पीएसआय गाडीत मागच्या सीटवर बसते, आरशात ड्रायव्हरचे डोळे तिच्याकडे बघत असतात, आणि तिला स्वतःच्या कपाळावरची टिकली आरशात दिसते, किंचित दुसरीकडे सरकलेली.

प्रत्येक महत्त्वाचा दुवा किमान दोनदा, वेगवेगळ्या कपड्यांत दाखवा. तिसऱ्यांदा दाखवाल तेव्हा उलगडा असावा.

७. संशय कुणावर येतो, याची जबाबदारी तुमची

ही पायरी मी कुणालाही वगळू देत नाही. 'आपल्यात वेश बदलून कुणीतरी आलंय' ही कल्पना कथेत रंजक आहे, पण आपल्या गावांत तिने माणसं मारली आहेत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी व्हॉट्सॲपवरची अफवा, आणि गावोगाव भिक्षा मागत फिरणारी अनोळखी माणसं. एवढंच पुरलं. ते कुणाचंही रूप घेऊन आले नव्हते.

म्हणून बहुरूपी, डवरी, पाड्यावरचा वारली, परप्रांतातून आलेला वॉचमन, यांना राक्षसाच्या जागी उभं करून सोपी भीती विकू नका. त्यांच्यावर संशय येऊ दे, तो येतोच, कथेतलं शहर खरं असेल तर येणारच. पण तो संशय कुणी पेरला, कुणाच्या फोनवरून गेला, आणि त्याचा फायदा कुणाला झाला, याचाही तपास झाला पाहिजे. माझ्या कथेत सोसायटीच्या ग्रुपवरचा एक मेसेज हाच दुसरा गुन्हा आहे, आणि पीएसआय त्याचाही तितक्याच चिकाटीने पाठलाग करते. ड्रायव्हरलाही मी नुसता हिंस्र ठेवलेला नाही. सहा वर्षं आरशात एकाच सुखवस्तू चेहऱ्याकडे बघत राहणं म्हणजे काय, हे लिहिताना मला त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त वाटलं.

कथेत मांत्रिक आणणार असाल तर तोही आजच्या कायद्यात वावरू दे. २०१३ पासून महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे. 'याच्या अंगात पालट्या आहे' म्हणत कुणाला चटके देणारा बाबा तुमच्या पीएसआयच्या दृष्टीने सरळ आरोपी आहे.

८. उलगडा

थोडक्यात लिहा. सगळ्यांना हॉलमध्ये गोळा करून वीस पानांचं भाषण नको. रूप उतरण्याचं वर्णन तर एका परिच्छेदापेक्षा जास्त नको. हाडं मोडण्याचे आणि कातडी ताणण्याचे आवाज आता वाचकाला पाठ झालेत. माझ्याकडे शेवटी फक्त एवढंच आहे की ड्रायव्हर गाडी बाजूला घेतो, आरसा हाताने वळवून छताकडे करतो आणि म्हणतो, "मॅडम, आता बघून बोला." चेहरा कुणाचा आहे ते पीएसआय मान वळवून बघते. तिथे प्रकरण संपतं.

९. शेवटची तपासणी

खर्डा पूर्ण झाला की आठ-दहा दिवस त्याला हात लावू नका. मग छापून घ्या. दुसऱ्या पायरीचं नियमांचं पान शेजारी ठेवा आणि लाल पेन्सिलने जिथे जिथे नियम मोडलाय तिथे खूण करा. माझ्या दुसऱ्या खर्ड्यात अकरा खुणा निघाल्या. चार ठिकाणी पालट्याचे कपडे आपोआप बदलले होते. एका ठिकाणी रूप उतरल्यावर त्याला ताप आलाच नव्हता, आणि ते दुरुस्त करताना नवीन प्रसंग मिळाला: भर दुपारी गाडीत बसून थरथरणारा ड्रायव्हर, एसी बंद, काचा वर, आणि सावंतबाई त्याला क्रोसिन देतायत.

मग निळी पेन्सिल घ्या आणि फक्त दुवे अधोरेखित करा. सलग पंधरा पानं निळं काही दिसलं नाही तर तिथे तपास झोपलाय.

त्यानंतर कथा दोघांना वाचायला द्या. एक, ज्याला अशा कथा आवडतात. दुसरा, ज्याला भुताखेतांत काडीचा रस नाही, पण जो रहस्यकथा चवीने वाचतो. दोघांनाही कथा आवडली का असं विचारू नका. कोणत्या पानावर पहिल्यांदा संशय आला आणि कुणावर, एवढंच समासात लिहायला सांगा. दोघांनीही ड्रायव्हरचं नाव पन्नासाव्या पानाच्या आधी लिहिलं असेल तर भांग अजून दिव्याखाली आहे. कुणीच शेवटपर्यंत लिहिलं नसेल आणि दोघंही मागे जाऊन सोळावं पान उघडत असतील, तर कथा पाठवून द्या.